शेऱ्याचा रकाना

गेल्या मार्गशीर्षात एक जुना विद्यार्थी घरी आला. चाळिशी ओलांडलेला, हातात पेढ्यांचा पुडा, मागे नऊ वर्षांचा मुलगा. मुलाने चपला काढल्या त्या एक इकडे, एक तिकडे, आणि मी "बस हं बाळा" म्हणेपर्यंत शोकेसची काच सरकवून आतला पितळी नंदी त्याच्या हातात गेलासुद्धा. बाप ओरडला नाही. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाला, "नंदी जागेवर ठेव." नंदी जागेवर गेला. "शाब्बास." मग माझ्याकडे वळला, "बाई, माझंच पोर आहे. तुम्हाला काय सांगायचं!"

सांगायला नकोच होतं. १९९१ साल, पाचवी ब, खिडकीजवळचा तिसरा बाक.

पोराला जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं होतं. निदान 'एडीएचडी'. म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही, अंग स्वस्थ बसत नाही आणि विचार यायच्या आधी हात पुढे जातो. डॉक्टरांनी मुलाची चौकशी करता करता बापालाही त्याच्या शाळेबद्दल विचारलं, कारण हे पुष्कळदा रक्तातून येतं. "मी म्हटलं, डॉक्टर, पाचवीचं अख्खं वर्ष मी बाकावर उभाच होतो. आमच्या बाईंना विचारा." आणि तो मोकळेपणी हसला. "बाई, ती सागवानी पट्टी आहे का हो अजून?"

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्या काळाचं, साठ मुलांच्या वर्गाचं, पटापट संपवायच्या पोर्शनचं कारण पुढे केलं असतं. पण तो पेढे घेऊन आला होता आणि जाताना वाकून नमस्कार करून गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाकडून मी माळ्यावरची ट्रंक खाली काढून घेतली.

ट्रंकेत माझ्या वर्गांच्या वह्या आहेत. १९८३ ते २०१६, तेहतीस वर्षांची नोकरी, बहुतेक काळ पाचवी ते आठवीचे वर्ग, मराठी आणि इतिहास. प्रगतीपुस्तकात शाईने लिहायचे शेरे मी आधी या वह्यांत पेन्सिलने कच्चे लिहून ठेवत असे, खाडाखोड नको म्हणून. दोन संध्याकाळी बसून वाचले. "चंचल आहे." "वर्गात गडबड करतो." "उलट बोलतो." "हुशार आहे पण आळस नडतो." "लक्ष कमी." आणि मधूनमधून, मुलींच्या नावापुढे जास्त, "शांत व गुणी."

चौथ्या वहीपाशी मला थांबावं लागलं. हे शेरे मुलांबद्दलचे नव्हतेच. "उलट बोलतो" याचा अर्थ माझा मान दुखावला. "गडबड करतो" याचा अर्थ माझा तास बिघडला. "शांत व गुणी" याचा अर्थ हिने मला कधी त्रास दिला नाही. मूल कसं आहे हे तपासायला तेहतीस वर्षं मी एकच मोजपट्टी वापरली: याच्यामुळे मला किती त्रास होतो. त्या मोजपट्टीवर जे मूल वर आलं त्याला शिक्षा मिळाली. जे खाली राहिलं त्याच्याकडे मी पाहिलंच नाही.

मला मानसशास्त्र येत नव्हतं असंही म्हणता येत नाही. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात मला वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे मार्क होते. पाव्हलॉव्हचा कुत्रा मला पाठ होता. पियाजेच्या पायऱ्या मी क्रमाने लिहू शकत होते, पौगंडावस्थेवर चार पानी निबंध लिहिला होता. नोकरी लागली आणि ते सगळं मी प्रमाणपत्राबरोबर फायलीत लावून टाकलं. स्टाफरूममध्ये चालायची ती भाषा निराळी होती. व्रात्य, वांड, द्वाड, हूड, मख्ख, घुमा, शामळू. मराठीत पोरांना लावायला विशेषणांची कमतरता कधीच नव्हती. 'अचपळ' हा तर समर्थांनी करुणाष्टकांत वापरलेला शब्द. त्यांनी तो स्वतःच्या मनाला लावला, आम्ही तो दुसऱ्यांच्या पोरांना लावला. आणि फारच झालं की एक विनोद ठरलेला होता, "याला येरवड्याला धाडा." म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात. सगळे हसायचे. मीही हसत असे.

खिडकीजवळच्या मुलाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याच्या बाबतीत मला 'माहीत नव्हतं' एवढं म्हणून सुटता येत नाही.

तो पेन्सिल हरवायचा, रोज. दप्तराचा बंद चावायचा. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडायचा, आणि ते बऱ्याचदा बरोबर असायचं. शुद्धलेखन अर्धं लिहून झालं की याचं चित्त खिडकीबाहेरच्या चिंचेवर. मी त्याला बाकावर उभं केलं, अंगठे धरायला लावले, मधल्या सुट्टीत वर्गात बसवलं, खेळाचा तास बंद केला. पट्टी तर होतीच. आणि याच काळात, एके दिवशी, नकाशा आणायला मी त्याला कार्यालयात पाठवलं. तो धावत गेला, धावत आला, आणि पुढचा अर्धा तास पुतळ्यासारखा बसून त्याने शिवाजी महाराजांची आग्ऱ्याहून सुटका ऐकली. दुसऱ्या दिवशी मी त्याला फळा पुसायला दिला, तिसऱ्या दिवशी घंटा द्यायला. पंधरा दिवस वर्ग कसा शांत होता! मला वाटलं, मी त्याला गप्प करायची युक्ती काढली. मग एकदा त्याने दुसऱ्या मुलाचा डबा सांडला, आणि शिक्षा म्हणून मी त्याच्याकडून घंटा काढून घेतली. खिडकी परत सुरू झाली, पट्टी परत सुरू झाली.

आता त्याच्या मुलासाठी डॉक्टरांनी ज्या गोष्टी सांगितल्यात, त्या त्याने मला घरी बसून एकेक करून सांगितल्या. मुलाला पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवायचं. एका वेळी एकच सूचना, छोटी, जवळ जाऊन. मोठं काम तुकड्यांत द्यायचं. बरं केलं की लगेच शाब्बास म्हणायचं, शनिवारची वाट पाहायची नाही. आणि मधून मधून उठायला, चालायला मिळेल असं काहीतरी काम द्यायचं. गरज वाटली तर औषध, ते डॉक्टर ठरवतील. मी ऐकत होते आणि मला घंटा ऐकू येत होती. त्याचा उपाय पंधरा दिवस माझ्या हातात होता. तो लागू पडला हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. खेळाचा तास, धावपळ, जबाबदारी, हेच त्याला सावरत होतं, आणि माझ्याकडच्या सगळ्या शिक्षा नेमक्या त्याच गोष्टी काढून घेण्याच्या होत्या.

याउलट १९८८ चा एक मुलगा. तो काहीच करत नसे. वाचता वाचता मध्येच थांबायचा, डोळे एकटक, पापण्या किंचित फडफडायच्या, आणि दहा-पंधरा सेकंदांनी, काही झालंच नाही अशा तऱ्हेने, पुढच्या शब्दावर यायचा. असं दिवसातून किती वेळा व्हायचं कोण जाणे. मी त्याला खडू मारत असे. माझा नेम चांगला होता आणि वर्गाला त्याची मजा वाटे. त्याचं नाव 'समाधी' पडलं होतं. ते मी पाडलं नव्हतं, पण एकदा वापरलं होतं, फळ्यासमोर, मोठ्याने. पुढे आरोग्य तपासणीला एक तरुण डॉक्टर शाळेत आले. त्यांनी मुलाला समोर बसवलं आणि म्हणाले, शंख वाजवतोस तशी जोरजोरात फुंकर मार, मारतच राहा. दोन-तीन मिनिटं झाली असतील, आणि सगळ्यांच्या देखत मुलाची समाधी लागली. ती फिट होती. अपस्मारात असाही एक प्रकार असतो, ज्यात मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, फक्त काही क्षण दिवा मालवतो. मेंदूचा आलेख काढतात, औषध देतात, बहुतेक मुलं मोठेपणी त्यातून बाहेर येतात. तो आला. पण वर्षभर मी एका आजारी मुलाला, त्याचा आजार चालू असताना, खडू मारले. तेव्हा मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "मला काय ठाऊक?" आज तेच वाक्य मला स्वतःला म्हणता येत नाही. डॉक्टरांना जे पाच मिनिटांत दिसलं ते माझ्यासमोर वर्षभर घडत होतं. मला तो आजार आहे हे कळायला नको होतं. पण हे रोजचं नि सारखंच आहे, तेवढ्याच सेकंदांचं आहे, हे कळायला हवं होतं. ते वहीत टिपून त्याच्या आईला सांगायला बी.एड.ही लागत नाही.

यातून एक साधी गोष्ट पुढे डोक्यात बसली, निदान नंतरच्या मुलांना उपयोगी पडली. वागण्याला नाव ठेवायच्या आधी शरीर तपासून घ्यायचं. हाक मारली तर वळत नाही तो हट्टी असतो असं नाही, एखादे वेळी कान वाहत असतो. फळ्यावरचं उतरवत नाही त्याला चष्मा लागलेला असतो. दिवसभर पेंगणारं मूल रात्री टॉन्सिलने घोरत असतं, नाही तर त्याच्या अंगात रक्तच कमी असतं.

आता चौथ्या बाकावरची एक मुलगी. हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायला हवं आणि सगळ्यात कमी आठवतं, यातच काय ते आलं.

सातवीत होती, १९९६-९७. अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं. तिची वही मी दुसऱ्या वर्गांत नेऊन दाखवत असे. त्या वहीला जागोजागी भोकं होती. एकच अक्षर पुसून पुसून कागद विरायचा. मला वाटायचं, काय ही नेटकी मुलगी! ती तासाला उशिरा यायची, कारण नळावर हात धूत असायची, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. घरचं वातावरण सोवळ्याचं होतं, त्यामुळे तिथेही कौतुकच. मराठीत याला फार जुना शब्द आहे, मंत्रचळ. आम्ही तो घरच्या म्हाताऱ्या सोवळ्या बायकांसाठी वापरत असू, तोही हसून. बारा वर्षांच्या मुलीला मंत्रचळ लागतो, तिच्या मनात नको ते विचार घुसतात आणि हात धुतल्याशिवाय, अक्षर पुसल्याशिवाय ते तिला सोडत नाहीत, त्यात तिचा जीव मेटाकुटीला येतो, हे माझ्या गावीही नव्हतं. दिवाळीनंतर तिच्या भुवया विरळ दिसायला लागल्या. ती स्वतःच केस उपटत होती. मी विचारलं, "काय गं, भुवया कोरतेस की काय आतापासून?" वर्ग हसला. तीही हसली.

मग सोमवारी पोटदुखी सुरू झाली. मग मंगळवारीही. रविवारी दुखत नसे, हे तिच्या आईनेच मला सांगितलं, भाबडेपणाने. मी म्हटलं, "लाडावून ठेवलीत. दोन दिवस लक्ष देऊ नका, येईल मुकाट्याने." शाळेला घाबरलेल्या मुलांचं पोट खरंच दुखतं, ते सोंग नसतं, हे मला पुढे कधीतरी कळलं. आठवीत तिचं नाव पटावरून गेलं. वडिलांची बदली झाली असं कुणीतरी सांगितलं आणि मी वहीत नावावर रेघ मारली. रेघेच्या वर अजून वाचता येतं: "शांत व गुणी. अक्षर उत्तम."

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने देशातल्या काही राज्यांत २०१५-१६ मध्ये मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. माझा वर्ग साठचा. म्हणजे प्रत्येक वर्षी प्रगतीपुस्तकांच्या गठ्ठ्यावर सह्या करताना चारेक मुलांच्या पुस्तकांवरून माझा हात नुसता फिरून गेला असेल. साठ मुलांत मी एकटी काय काय पाहणार, ही सबब खरी आहे. पण त्याच साठांत चाचणीत कोण कुणाचं बघून लिहितो हे मला दारातून कळायचं.

कायदे होत गेले, तेही लिहायला हवं. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमतेच्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. आमच्या शाळेत त्याचं परिपत्रक आलं असेल. माझी त्यावर सहीही असेल. डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीन पर' हा अशाच अध्ययन अक्षमता असलेल्या मुलावरचा सिनेमा आला. मी पदराने डोळे पुसत थिएटरबाहेर पडले आणि सोमवारी 'ब' आणि 'भ' उलटसुलट करणाऱ्या मुलाला पन्नास वेळा लिहायला दिलं. सिनेमातलं मूल मला कळलं, वर्गातलं कळलं नाही. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी केली. मी पट्टी कपाटात टाकली. जीभ टाकली नाही. नोकरीची शेवटची सहा वर्षं मी एकाही मुलाला हात लावला नाही, आणि त्या वर्षांतल्या वह्यांमधले शेरे सगळ्यात जहरी आहेत.

इतकं लिहून मी दोन दिवस थांबले होते, कारण पुढचं घरचं आहे. मुलाला विचारून लिहिते आहे. "लिही गं आई, आता काय त्याचं," म्हणाला.

२००२ चा पावसाळा. मुलगा दहावीत. बाईंचा मुलगा, त्याच शाळेत. क्रिकेटचं वेड असलेला पोरगा एकाएकी मैदानावर जाईना. दार आपटायला लागला. "जेव" म्हटलं तर "भूक नाही", "अभ्यास कर" म्हटलं तर अंगावर येणं. आंघोळ दोन-दोन दिवस नाही. रात्री जागा, सकाळी उठवता उठवत नाही. गणपतीत आरतीला सुद्धा खोलीबाहेर आला नाही. मी म्हटलं, माज आलाय. यांना म्हटलं, "अहो, तुम्ही दोन ठेवून द्या, तुमचं ऐकेल." त्यांनी दिल्या. काही फरक पडला नाही, तेव्हा मी दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, अंगारा आणला, गुरुवार धरले. शाळेत अंधश्रद्धेवर निबंध मी लिहून घेत असे, घरी हे चालू होतं. आठ महिने.

फेब्रुवारीत नणंद राहायला आली. चार दिवस राहिली आणि जाताना पिशवी भरता भरता म्हणाली, "वहिनी, हा पोरगा एकदाही हसला नाही गं." ती सातवी शिकलेली. तिला दिसलं ते मला दिसलं नव्हतं, कारण ती त्याच्याकडे पाहत होती. मी त्याच्या दहावीकडे पाहत होते.

आम्ही पुण्याला गेलो. जवळ डॉक्टर होते, पण तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? घरात आणि शाळेत मी सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललोय. एसटीत तो खिडकीशी बसला होता आणि माझ्या डोक्यात स्टाफरूमचा तो विनोद एकसारखा वाजत होता. त्या दिवशी मुलाच्या जिवापेक्षा मला माझ्या नावाची काळजी जास्त होती. हे वाक्य मी तीन वेळा खोडून पुन्हा लिहिलंय. ते तसंच ठेवते.

डॉक्टरांनी आधी आम्हाला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने आत बोलावलं आणि सांगितलं, हे नैराश्य आहे. मोठा माणूस उदास दिसतो, या वयातली पोरं पुष्कळदा चिडकी दिसतात, म्हणून घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो. डॉक्टर काय पाहतात तेही त्यांनी समजावलं. मूल पूर्वी होतं त्यापेक्षा बदललंय का? दोन आठवड्यांच्या वर तसंच आहे का? झोप, जेवण, अभ्यास, मित्र, यांतलं काय काय सुटलंय? घरी, शाळेत, मैदानावर सगळीकडे आहे का, की एकाच ठिकाणी? मला एकेका प्रश्नाचं उत्तर तारखेनिशी माहीत होतं. मी ते लक्षण म्हणून कधी धरलं नव्हतं, त्याचे गुन्हे म्हणून मोजत होते.

आणि त्यांनी त्याला सरळ विचारलं होतं, जगावंसं वाटत नाही असं होतं का. तो हो म्हणाला होता. मी हादरले. म्हटलं, "डॉक्टर, असं विचारल्याने त्याच्या डोक्यात नसलं तरी येईल ना?" ते म्हणाले, विचारल्याने ते येत नाही, आलेलं बोलून दाखवायला वाट मिळते. घरातली सगळी औषधं, शेतावरची फवारणीची बाटली कुलपात ठेवायला सांगितली. त्याला एकटं सोडू नका म्हणाले. त्या रात्री कुलूप लावताना माझा हात थरथरत होता. मारायला गेलेला हात तोच, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आज येतं.

गोळ्या चालू झाल्या, दर पंधरा दिवसांनी बोलायला नेणं चालू झालं. गुण एकदम आला नाही. मार्चची परीक्षा त्याने दिली, दोन विषय गेले, ऑक्टोबरला बसला आणि सुटला. बाईंचा मुलगा ऑक्टोबरला बसला! गावात जे बोलायचं ते बोलून झालं. जूनमध्ये एका संध्याकाळी तो बॅट शोधत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि गॅस बंद करून ओट्याला धरून उभी राहिले.

त्यानंतरची तेरा वर्षं मी नोकरीत होते. घरी एवढं झाल्यावर मी वर्गात बदलले असेन असं वाचणाऱ्याला वाटेल. थोडी बदलले. कुणाच्या पोटदुखीला हसले नाही, तीन-चार पालकांना बाजूला घेऊन डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं. पण आमच्या घरी हे घडलंय, हे मी त्यांतल्या एकाही पालकाला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्यांतले दोघे नक्की गेले असते. ते गेले नाहीत. माझं गुपित मी राखलं आणि त्याची किंमत त्यांच्या मुलांनी भरली असेल.

आता माझी भीती उलटी आहे. संध्याकाळी बागेत बसले की प्रत्येक धावणाऱ्या पोराला मी मनातल्या मनात निदान लावते. परवा नातीने दोनदा हात धुतले तर माझ्या छातीत धस्स झालं. मुलाने मला दटावलं, "आई, तिच्या हाताला रंग लागला होता." मुलं हूड असतात, हट्ट करतात, लाजतात, खोटं बोलतात, आणि बहुतेक वेळा त्यात काहीही नसतं. डॉक्टरसुद्धा एडीएचडी म्हणायच्या आधी सहा महिन्यांच्या वरची हकीकत मागतात, एकाहून जास्त ठिकाणी तसंच आहे का पाहतात, वयाच्या बाराव्या वर्षाआधी त्याची चिन्हं होती का विचारतात. मी द्वाड म्हणत होते त्याऐवजी आता इंग्रजी नावं चिकटवायला लागले, तर मी काहीच सुधारले नाही. शेऱ्याचा रकाना तसाच, फक्त शाई बदलली.

मला पाहायला शिकायचंय. सदुसष्टाव्या वर्षी.

आज विचारायला जागा आहेत. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. १४४१६ माझ्या वेळी नव्हता, असं लिहिणार होते. पण असता तरी २००२ मध्ये मी फोन लावला असता का? बहुतेक नसता लावला. आवाज ओळखला जाईल म्हणून घाबरले असते.

पेढे घेऊन आलेल्या त्या विद्यार्थ्याला मी गेल्या आठवड्यात फोन केला. म्हटलं, "पट्टी नाही माझ्याकडे, कधीच मोडली. पण तुझी घंटा मी काढून घेतली होती, ते चुकलं माझं." त्याला आठवेना. "कुठली घंटा, बाई?" मग मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मागे त्याचा मुलगा काहीतरी आपटत होता. "बाई," तो म्हणाला, "हे त्याच्या वर्गशिक्षिकेला सांगाल का? माझं त्या ऐकत नाहीत." येत्या सोमवारी मी त्याच्याबरोबर त्या शाळेत जाणार आहे.

चौथ्या बाकावरच्या मुलीचा नंबर त्याच वर्गातल्या एकीकडून मिळाला. कुठल्याशा मोठ्या शहरात असते, एवढंच तिला माहीत होतं. नंबर फोनच्या डायरीत लिहून ठेवलाय. अजून लावलेला नाही.